वहिनीच्या ओठांची दुरुस्ती

आमच्या वहिनीचं तोंड मुळातच पडलेलं. हे मी नणंद म्हणून बोलत नाहीये. नणंदेला बोलायला यापेक्षा चांगली कारणं मिळतात. तिच्या ओठांचे दोन्ही कोपरे जन्मापासून खाली झुकलेले होते, एवढंच. बाईला बक्षीस मिळालं तरी चेहरा सुतकी आणि दूध उतू गेलं तरी तोच. आतून मात्र एकदम खुशालचेंडू माणूस. घरातले चांगले विनोद तीच करायची, पण ते विनोद आहेत हे कळायला आम्हाला वेळ लागायचा, कारण तोंडावर पत्ता नसायचा. ती लग्न होऊन आली तेव्हा पहिले कित्येक दिवस माझी आई दादाला स्वयंपाकघरात गाठून विचारत होती, "काय केलंस रे तिला?" दादा शपथा घ्यायचा. बिचाऱ्याने खरंच काही केलं नव्हतं. तसं त्याने आयुष्यात फारसं काही केलेलंच नाही, पण तो विषय वेगळा.

हे तोंड तिला आईकडून आलेलं. तिच्या आईला आम्ही सगळेच माई म्हणतो. माईंचे ओठ हुबेहूब तसेच, फक्त वयाने आणखी थोडे उतरलेले. माई तरुणपणी सिनेमाच्या थिएटरात दारावर उभं राहून तिकिटं फाडायच्या. त्यांच्या दारातून फुकटात आत घुसायची कुणाची छाती झाली नाही म्हणतात. मायलेकी बाल्कनीत शेजारी शेजारी बसल्या की खालून जाणाऱ्याला वाटायचं, या घरात आत्ताच काहीतरी वाईट बातमी आलीय. आणि या दोघी आपल्या शेंगदाणे खात घरमालकिणीच्या चालण्याची टवाळी करत असायच्या.

वहिनी नोकरीला आहे ती मिक्सर, फ्रिज, इस्त्र्या बनवणाऱ्या एका कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये, तक्रारीच्या खिडकीवर. काचेला गोल भोक, बाहेर दोरीने बांधलेलं पेन, टोकनचं मशीन, आणि लोखंडी बाकांवर रागाने धुमसत बसलेली माणसं. या खिडकीवर कुणी टिकायचं नाही. वहिनी टिकली. का टिकली ते मी एकदा तिथे डबा द्यायला गेले तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. एक बाई मिक्सरचं भांडं काउंटरवर आपटायच्या बेताने आली. भांडं डोक्याच्या वर. तेवढ्यात तिने काचेतून वहिनीचं तोंड बघितलं. भांडं हळूहळू खाली आलं. "अगं बाई," ती म्हणाली, "तुम्हाला काय झालं? माझं काय, पातं तर तुटलंय नुसतं." तिच्या मागच्या आजोबांनी तर तक्रार नोंदवलीच नाही. बिस्किटांचा पुडा भोकातून आत सरकवला आणि म्हणाले, "खात जा काहीतरी. जातात हे दिवस." वहिनी म्हणाली, "आभारी आहे," आणि पुडा ड्रॉवरमध्ये ठेवला. ड्रॉवर भरलेला होता.

साहेब म्हणायचे, "बाई, तुमच्या चेहऱ्यावर ही शाखा चालते." आणि ते खोटं नव्हतं.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना माझ्या भाचीने, म्हणजे वहिनीच्या मुलीने, आपलं लग्न ठरवलं आणि होणाऱ्या सासूबाई घरी चहाला आल्या. वहिनीला मुलगा मनापासून आवडला होता. तिने सकाळपासून सोफ्याची खोळ तीनदा सरळ केली होती. सासूबाईंनी पहिला घोट घेतला, वहिनीकडे पाहिलं आणि विचारलं, "आमचं काही चुकलं का?"

"छे हो," वहिनी म्हणाली, "मला तर इतका आनंद झालाय!"

हे वाक्य तिने त्या तोंडाने म्हटलं. सासूबाईंनी कप खाली ठेवला. मग दादाने सावरायचा प्रयत्न केला. म्हणाला, "ती अशीच असते, घरीसुद्धा." झालं! त्या माउलीने जिना उतरताना मुलाला सांगितलेलं आम्हाला वरपर्यंत ऐकू आलं: "बाईला तू पसंत नाहीस, आणि घरात काहीतरी भानगड आहे."

भाची रडली. रडता रडता आईला म्हणाली, "एकदा, फक्त एकदा तुला चारचौघांसारखं हसता आलं नाही का गं?" पोर चिडून बोलली, नंतर तिला वाईटही वाटलं, पण बोलायचं ते बोलून झालं होतं. वहिनी उठली. तिने कप विसळले. पुढच्या आठवड्यात तिने रजा टाकली आणि नवऱ्याला नाही, आईला नाही, अगदी मलाही न सांगता ओठ उचलून घेऊन आली.

आता हे ओठ उचलणं म्हणजे काय, ते मला नंतर कळलं. कोपऱ्याच्या वरची चिमूटभर कातडी कापून काढतात आणि टाके घालतात, म्हणजे कोपरा वर जातो. चिमूट कुणाची, यावर सगळं अवलंबून. या डॉक्टरांचा हात मोठा होता. त्यात त्यांनी "चेहऱ्याला तोल यावा" म्हणून वरच्या ओठात कसलंसं जेलही भरलं. सूज उतरली, टाके निघाले, आणि आमची वहिनी हसायला लागली ती थांबेचना. सकाळी हसतेय, दात घासताना हसतेय, झोपेत हसतेय. डावा कोपरा उजव्यापेक्षा किंचित जास्तच वर, त्यामुळे ते हसू साधंसुधं राहिलं नाही. समोरच्याचं काहीतरी आपल्याला माहीत आहे आणि आपण ते सांगणार नाही, असं ते हसू झालं. दादा तर आठवडाभर घरात दबकून वावरत होता. मला बाजूला घेऊन म्हणाला, "हिला कुणी काही सांगितलंय का माझ्याबद्दल?" मी म्हटलं, "सांगण्यासारखं तू काही करशील तर ना."

एक गोष्ट मात्र वहिनीने मला सांगितली आणि परत कधी तिचा विषय काढला नाही. टाके निघाले त्या दिवशी ती बसने घरी येत होती, तर समोरच्या सीटवरचं एक लहान मूल तिच्याकडे बघून हसलं. मग त्याची आई हसली. मग कंडक्टर हसला. "वन्सं," ती म्हणाली, "मी काहीच केलं नव्हतं हो. नुसती बसले होते. लोकांना हे रोज मिळतं?"

सासूबाई खूश झाल्या, लग्न थाटात पार पडलं. कुणाचं भलं झालं तर ते त्यांचं.

आणि माई? वहिनी पट्ट्या काढल्यावर आधी आईकडेच गेली होती. माई आमच्याच गल्लीत, पलीकडच्या इमारतीत एकट्या राहतात. त्यांनी दार उघडलं, चष्मा पुसला, परत लावला, लेकीच्या तोंडाकडे खालून वर आणि वरून खाली बघितलं. "कुणी केलं हे?"

"मीच करून घेतलं, आई."

"बरं," माई म्हणाल्या. आणि त्या "बरं"नंतर त्यांनी लेकीशी बोलणं टाकलं. एक शब्द नाही. ती आली तर दार उघडायच्या, चहा करायच्या, पण बोलायच्या ते भांड्यांशी. "साखर कमी वाटली तर डबा तिथेच आहे," असं स्टोव्हला सांगायच्या. "छत्री विसरू नये," असं दाराच्या कडीला. वहिनी रविवारच्या रविवार जात राहिली. समजावून झालं, रडून झालं, पाया पडून झालं. माई ढिम्म. मला सगळं कळत होतं, म्हणजे कळतंय असं वाटत होतं: लेकीने आपलं तोंड कापून टाकलं, म्हणजे आपल्यालाच नाकारलं, असं म्हातारीच्या मनाने घेतलं असणार. वहिनीलाही तसंच वाटत होतं. "तिचंच तोंड होतं ना ते, वन्सं," ती म्हणायची, "तिने दिलेलं. मी ते टाकून आले." हे ती हसत हसत म्हणायची. इलाजच नव्हता.

इकडे ऑफिसात वेगळाच तमाशा. इस्त्रीने नवा शर्ट जाळलेला एक गृहस्थ जळका शर्ट घेऊन खिडकीशी आला. वहिनीकडे बघतो तर बाई हसतेय. "हसताय?" तो म्हणाला. "हसा! लग्नाचा शर्ट होता, हसा!" वहिनी म्हणाली, "मी हसत नाहीये हो." आता हे वाक्य त्या तोंडाने! त्याने दोरीचं पेन ओढलं आणि म्हणाला, "इस्त्रीची तक्रार राहू दे. माझी तक्रार तुमच्या हसण्याबद्दल. घ्या लिहून."

आता तक्रारीची खिडकी एकच आणि त्या खिडकीवर वहिनी. नियम म्हणजे नियम. तिने स्वतःच्या हसण्याची तक्रार स्वतःच्या हाताने कंप्युटरमध्ये भरली. वस्तूचा प्रकार: इतर. बिघाड: हसू बंद होत नाही. पत्ता विचारला कंप्युटरने, तर वस्तू जिथे असते तो पत्ता म्हणून तिने घरचा टाकला. प्रामाणिक बाई, दुसरं काय.

आणि चार दिवसांनी, तुम्हाला खोटं वाटेल, आमच्या दारात कंपनीचा मेकॅनिक उभा! निळा गणवेश, हातात हत्यारांची पेटी. "तक्रार आलीय," म्हणाला, "बंद होत नाही म्हणे. कुठे आहे?" दादाने त्याला आत घेतलं आणि वहिनीकडे बोट दाखवलं. बरं, तोही माणूस कामाशी काम ठेवणारा. त्याने तिला खिडकीपाशी उजेडात बसवलं, बॅटरी मारली, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. "वॉरंटीत आहे का?" त्याने विचारलं. दादा म्हणाला, "लग्नाला सत्तावीस वर्षं झाली." मेकॅनिकने जीभ टाळ्याला लावून 'च्च' केलं, कागदावर 'भाग उपलब्ध नाही' असं लिहिलं, वहिनीची सही घेतली आणि चहा पिऊन गेला. जाताना मला म्हणाला, "डाव्या बाजूचा स्क्रू जास्त आवळला गेलाय बघा." त्याचंही चुकलं नव्हतं.

कंपनीने मग वहिनीला हलवलं. साहेबांना वाईट वाटलं, पण ते तरी काय करतील? वहिनीने काचेवर चिठ्ठी लावून पाहिली होती: 'मी हसत नाही, हे ऑपरेशन आहे.' त्याने गोंधळ आणखी वाढला. लोक तक्रार विसरून ऑपरेशनच्या चौकशा करायला लागले, दुखलं का, पथ्य काय, आमच्या मेहुणीला करायचंय. आणि रांग जिन्यापर्यंत गेली. शेवटी तिला 'अभिनंदन आणि सूचना' या टेबलावर बसवलं. असं टेबल त्या कंपनीत आहे हे कंपनीलाच माहीत नव्हतं. फ्रिज बरा चालतोय हे सांगायला कोण सुट्टी काढून येतो? बाई दिवसभर रिकाम्या बाकाकडे बघून हसत बसायची. बिस्किटांचा ओघ आटला.

नोकरीचं तिने मनाला लावून घेतलं नाही. "बसून पगार," म्हणाली, "लोक यासाठी नवस करतात." माई बोलत नव्हत्या, ते मात्र तिला खात होतं. माई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. "वन्सं, आई उद्या गेली तर?" वहिनी एकदा मला म्हणाली. "शेवटचा शब्द 'बरं' राहील. मला हे तोंड नको. मला जुनं परत हवंय, काय वाटेल ते करून."

म्हणून आम्ही आधी त्याच डॉक्टरांकडे गेलो. वहिनीने सांगितलं की मला हे अजिबात आवडलेलं नाही, मी फार दुःखात आहे. डॉक्टर तिच्याकडे बघून प्रसन्न झाले. "पण तुम्ही तर किती छान हसताय!" म्हणाले. मी म्हटलं, "अहो महाराज, ते तुम्हीच शिवलंय!" त्यांनी हसून आपल्या भिंतीवरच्या फोटोंकडे बोट दाखवलं. सगळे पेशंट हसत होते. माझं टाळकंच सरकलं. मी तिथे काय काय बोलले ते इथे सांगत नाही. भिंतीवरचा एक फोटो नंतर वाकडा झाला होता एवढं खरं.

मग दुसऱ्या डॉक्टर शोधल्या, बाई डॉक्टर. यांच्या खोलीत एकही फोटो नव्हता, तिथेच मला बरं वाटलं. एक गोल स्टूल, भिंग लावलेला दिवा, हातात धरायचा आरसा. त्यांनी वहिनीचे कोपरे हळूच दाबून पाहिले आणि मग शांतपणे सांगायला लागल्या. पहिला उपाय म्हणजे घाई न करणं. व्रण मऊ पडायला वर्षभर जातं, आणि तेवढ्यात कोपरा आपण होऊन थोडा खाली येतोसुद्धा. तोवर मालिश करायचं, सिलिकॉनची पट्टी लावायची.

"आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे," वहिनी म्हणाली. डॉक्टरांना या उत्तराचा अर्थ लागला नाही, पण त्या पुढे सरकल्या.

ओठात भरलेलं जेल विरघळवायचं इंजेक्शन मिळतं, म्हणाल्या, ते सोपं काम. वरचा फुगवटा त्याने उतरेल, पण कोपऱ्यांना काही होणार नाही. व्रण जाड झालाय तिथे औषध टोचता येतं. ओठ वर खेचणाऱ्या स्नायूला ढिलं करणारं आणखी एक इंजेक्शन असतं, ते काही महिने टिकतं, मात्र बोलताना तोंड एकीकडे जायची भीती.

"म्हणजे हसू जाऊन वाकुल्या," दादा म्हणाला. मी त्याला चिमटा काढला.

"आणि परत ऑपरेशन?" वहिनीने विचारलं.

"करता येतं. पण जी कातडी कापून टाकली ती काही परत मिळत नाही. शेजारची सरकवून कोपरा खाली आणावा लागतो. नवा व्रण येतो. आणि अगदी पहिल्यासारखं होईल असं मी कबूल करणार नाही."

"म्हणजे गॅरंटी नाही," दादा म्हणाला.

"गॅरंटी फ्रिजवर मिळते," डॉक्टर म्हणाल्या.

"तिथेही नाही मिळत," वहिनी म्हणाली. "मी तिथेच आहे कामाला."

जेल विरघळवायचं इंजेक्शन तिने त्याच दिवशी घेऊन टाकलं. कोपऱ्यांसाठी मात्र डॉक्टरांनी जुना फोटो मागितला. कोपरा किती खाली आणायचा हे समजायला मूळचं तोंड बघायला हवं ना. आम्ही म्हटलं, त्यात काय, फोटोंचे ढीग आहेत.

घरी येऊन सगळे अल्बम काढले. तुम्हाला काय सांगू! सत्तावीस वर्षांत बाईचं तोंड एका फोटोत नाही. जिथे बघावं तिथे तोंडाशी कप. कप नसेल तिथे तोंडासमोर कडेवरच्या मुलीचं डोकं. नाहीतर ती दुसऱ्या कुणाच्या खांद्यामागे उभी, डोळे तेवढे वर. लग्नातल्या फोटोंत तोंड होतं, पण ते तिचं नव्हतं. स्टुडिओवाल्याने मेहेरबानी करून ब्रशने कोपरे सरळ केले होते. ऑफिसच्या ओळखपत्रावर शिक्का नेमका ओठांवर. मी चष्मे विकते, दिवसभर लोकांचे चेहरे बघते, आणि ही बाई इतकी वर्षं आमच्या डोळ्यांदेखत लपत होती ते मला दिसलं नाही. लाज वाटली मला, खरंच सांगते.

दादा म्हणाला, "फोटो कशाला हवाय? मी काढून देतो." त्याने कागदावर एक रेघ मारली. भाची माहेरी आली होती, तिने ती खोडून उलटी वाटी काढली. मी माझी तिसरीच काढली. तीन कागद, तीन तोंडं, आणि तिन्ही एकमेकांना ओळखसुद्धा देणार नाहीत अशी. वहिनीने एकेक कागद उचलून बघितला. दादाला म्हणाली, "अहो, रोज समोर जेवायला बसत होतात ना?" दादाचं उत्तर असं की, "बसायचो, पण तू रागावलीयस असं वाटायचं, म्हणून मी ताटात बघायचो." सत्तावीस वर्षं हा माणूस ताटात बघून जेवला! वहिनी उठून आत गेली. भाची तिच्या मागोमाग गेली, आणि दादा ते कागद घडी करून खिशात ठेवायला लागला, जणू त्यांचा आता काही उपयोग होता.

मग माझ्या डोक्यात आलं, अख्खं तोंड पलीकडच्या इमारतीत जिवंत आहे की! माईंना डॉक्टरांसमोर बसवलं की झालं.

मध्यस्थी माझ्याकडे आली, कारण घरात जिभेला हाड नसलेली मीच. मी माईंकडे गेले आणि सरळ सांगितलं: लेकीला जुनं तोंड परत हवंय, तुमच्यासाठी हवंय, आणि ते कसं होतं हे तुमच्याखेरीज कुणाकडे शिल्लक नाही. माईंनी उठून खिडकी लावून घेतली. मग म्हणाल्या, "तोंड न्यायचंय ना, न्या. पण मी बोलणार नाही."

"नका बोलू," मी म्हटलं. "तोंड तेवढं आणा."

ठरलेल्या दिवशी माई इस्त्रीची साडी नेसून, पर्स काखेत मारून निघाल्या. रिक्षात मायलेकी दोन कडांना, मध्ये मी; दादा स्कूटरवरून मागे. एक जन्माची रुसलेली, एक जन्माची हसणारी. रिक्षावाला आरशातून आम्हाला बघत होता आणि माझी कीव करत होता.

डॉक्टरांनी माईंना स्टुलावर बसवलं, दिवा ओढला, जांभळ्या पेनाने ओठांच्या कोपऱ्याशी ठिपके काढले, पट्टी लावून मापं घेतली. मग वहिनीला शेजारी बसवून तिच्या तोंडावर तसेच ठिपके काढले, जिथवर कोपरे खाली आणायचे तिथवर. "आता दोघी एकदा आरशात बघून घ्या," त्या म्हणाल्या. "हे असं होईल, साधारण. पटलं तर तारीख ठरवू."

वहिनीने बघितलं आणि म्हणाली, "पटलं."

आरसा माईंच्या हातात आला. त्यांनी स्वतःकडे बघितलं, लेकीकडे बघितलं, परत स्वतःकडे. मग त्यांनी काय करावं? उजव्या हाताचं बोट ओठाच्या कोपऱ्याशी लावलं आणि कोपरा वर ढकलला. थोडा वेळ तसाच धरला. आणि डॉक्टरांना विचारलं, "माझं किती उचलता येईल?"

दादा दाराशी उभा होता, त्याने मान आत घातली.

"आई?" वहिनी म्हणाली.

"तू बोलू नकोस!" माई तिच्यावर कडाडल्या. किती महिन्यांनी, पण तिच्यावर, स्टोव्हवर नाही. "एकटी गेलीस. एकटी जाऊन उचलून आलीस. मला तोंडदेखलं तरी विचारायचंस, आई, येतेस का म्हणून! अगं, तिकिटं फाडताना पोरं मला चेटकीण म्हणायची. तुझे वडील गेले तेव्हा बायका म्हणाल्या, हिला काय, ही रोजच अशी दिसते. मला वाटायचं, आपल्या घराचंच आहे हे, आपण वागवायचं. त्याला औषध आहे हे तुला कळलं, आणि तू मला सांगितलंसुद्धा नाहीस."

आम्ही सगळे इतके महिने भलत्याच झाडावर चढून बसलो होतो.

डॉक्टर बाईंनी पेन खाली ठेवलं. माईंना विचारलं, कुठल्या गोळ्या चालू आहेत? माईंनी पर्समधून पाकिटं काढून दाखवली. हृदयाची एक, रक्त पातळ करायची एक. डॉक्टरांनी ती वाचली आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "नाही आजी. एवढ्यासाठी हा धोका मी तुम्हाला पत्करू देणार नाही."

"थोडंसंसुद्धा नाही?"

"नाही."

"बरोबर आहे तुमचं," माई म्हणाल्या. त्यांनी पाकिटं एकेक करून परत पर्समध्ये ठेवली. चेन लावली. मग रुमाल थुंकीने ओला केला, लेकीची हनुवटी धरली आणि तिच्या तोंडावरचे ते जांभळे ठिपके खसाखसा पुसायला लागल्या.

"हिचं काही खाली आणायचं नाही," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. "डावीकडचं उजवीच्या बरोबरीला येत असेल तर तेवढं करा. बाकी आहे तसं राहू दे. दोघींपैकी एकीचं तरी वर राहू दे."

वहिनीच्या डोळ्यांतून धारा लागल्या आणि ओठ आपले हसतच होते. दादाने दारातून बघितलं आणि मोकळा श्वास सोडला. "चला," म्हणाला, "खूश झाली एकदाची."

"खूश कसली, जावईबापू," माई म्हणाल्या, "रडतेय ती." आणि लेकीच्या हातात रुमाल कोंबून स्टुलावरून उतरल्या. "नाक पूस गं. आणि चल घरी, मला तुला खूप बोलायचंय."